भरल्या पानावरून

गुलबर्ग्याच्या कॉलेजात आठ डोक्यांचं यंत्र येऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षात सत्यभामाबाईंच्या तोंडून देवाचं नाव जेवढं निघालं नसेल तेवढं "जरा थांबा" निघालं होतं. पहाटे उठून तुळशीला पाणी घालावं, पोथीचा अध्याय वाचावा, मन कसं नितळ व्हावं. आणि दहाला संगणक केंद्राचं कुलूप काढायला जावं तर कुणीतरी आधीच पायरीवर उभं. "बाई, माझं दोनच मिनटांचं काम हाय."

त्या दोन मिनिटांचा त्यांना वीट आला होता.

यंत्राची गोष्ट अशी. इतर खात्यांत जे संगणक होते त्यांना एकच डोकं. एक काम संपावं, मग दुसरं लागावं. याला आठ. एकाच वेळी आठ जणांची आठ कामं चालत, नाहीतर एखाद्या मोठ्या कामाचे आठ वाटे करून ते आठही डोक्यांवर टाकता येई. शिपाई मडिवाळप्पा त्याला अष्टभुजा म्हणायचा आणि दर मंगळवारी त्याच्या पत्र्यावर जास्वंदीचं फूल ठेवायचा. फुलाबरोबर मुंग्या यायच्या. मुंग्या दिसल्या की केंद्राचे प्रमुख बसवंतप्पा सर ओरडायचे, आणि तो ओरडा सत्यभामाबाईंच्या वाट्याला यायचा, कारण मडिवाळप्पा नेमका तेव्हाच चहा आणायला गेलेला असायचा.

कुणाचं काम कधी बसवायचं, हे बाईंकडे. येणाऱ्यानं चिठ्ठीवर नाव लिहायचं, किती डोकी लागतील ते लिहायचं आणि किती वेळ लागेल ते लिहायचं. बाई चिठ्ठ्या ओळीनं खिळ्याला टोचत. नियम पहिल्यापासून सोपा होता: एखादं डोकं मोकळं झालं की ओळीत बघायचं, आणि जे मावेल ते बसवायचं. रात्रीसुद्धा यंत्र रिकामं म्हणून राहत नसे. वर पाठवायच्या अहवालात सर "पूर्ण वापर" असं लिहीत आणि त्याखाली दोन रेघा ओढत.

आणि ज्ञानोबाची चिठ्ठी खिळ्यावर सगळ्यांच्या आत, भिंतीला टेकून, पिवळी पडत चालली होती.

ज्ञानोबा ठाणाकुशनूरचा. बाईंचं माहेर चिंताकी, म्हणजे एकाच औराद तालुक्यातली ही दोघं. तो भूगर्भातल्या पाण्यावर संशोधन करत होता: औराद तालुक्यात पाऊस मुरतो तो जमिनीखालून कुठं जातो, कुठल्या गावच्या बोअरला लागतो आणि कुठल्या गावाला चकवून पुढं जातो. प्रबंध लिहून झाला होता. फक्त शेवटच्या प्रकरणातले आकडे बाकी होते, आणि ते या यंत्राशिवाय निघणार नव्हते. शिष्यवृत्तीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता भाद्रपदातल्या एका सोमवारी प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती. पाच वर्षं पाण्यात, असं त्याचे मित्र म्हणत. तोही हसायचा. हल्ली हसायचा नाही.

"जय भीम, अक्का."

"जय भीम. ये." बाईंनी मान वर केली नाही. वर केली असती तर उत्तर द्यावं लागलं असतं.

"आज काय म्हणायली तुमची अष्टभुजा?"

"सकाळी सात डोकी मोकळी झालती बघ."

"मग?"

"मग काय! आठव्यावर कमलबाईंचं चालू होतं. ते संपायच्या आत तिघंजण आले न् सातही भरली."

"माझी चिठ्ठी त्या तिघांच्या आधीची हाय."

"आधीची हाय रे बाबा. पण तुझं मावत न्हवतं."

"आठच्या आठ एकदम मोकळी झाल्याबिगर माझं मावतच न्हाई, अक्का. अन् ती एकदम मोकळी व्हायची न्हाईत. एक उठलं की तुमी दुसरा बसवता."

"तुझं जरा चारच डोक्यांवर बसंल असं कर की. बाकीचे करत्यात."

ज्ञानोबानं कपाळाला हात लावला. हे तो चौथ्यांदा समजावत होता. "तालुक्याचे आठ वाटे केलेत मी. दर डोक्याला एक वाटा. पण पाण्याला शीव कळत न्हाई. चिंताकीचं पाणी शेजारच्या वाट्यात जायलंय. म्हणून दर घडीला ही आठ डोकी एकमेकाला विचारत्यात, तुझ्याकडून मला किती आलं, माझ्याकडून तुला किती गेलं. एक जरी जागेवर नसलं तर बाकीची सात तोंड बघत बसत्यात. चारावर टाकलं तर त्यांच्याजवळची जागाच पुरत न्हाई."

बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण हा आपल्या भागातला, म्हणून त्याच्या बाबतीत त्या दुपटीनं काटेकोर होत्या. उद्या कुणी म्हणायला नको, औरादवाल्या बाईनं औरादवाल्याला आत घेतलं. दुसऱ्या कुणाची चिठ्ठी इतकी पिवळी पडली असती तर त्यांनी सरांकडे दोन शब्द टाकले असते. याच्यासाठी नाही टाकले. ही आपली सचोटी, असं त्यांना वाटायचं.

तेवढ्यात कमलबाई आल्याच. परीक्षा विभागाच्या. घामाघूम, खांद्यावर पिशवी, बोलणं दारापासून सुरू. "भामाबाई, एवढंसं हाय हो, एकाच डोक्याचं. गुणांची बेरीज. बसवा की पटकन. तिकडं पोरांचे बाप येऊन बसल्यात माझ्या टेबलावर."

"टेबलावर?"

"टेबलावरच की! खुर्च्या कुठं हायत आमच्या खोलीत?"

एक डोकं मोकळं होतं. कमलबाईंचं मावलं. ज्ञानोबा उठला आणि निघून गेला. जाताना दार आपटलं असतं तरी बाईंना बरं वाटलं असतं. त्यानं ते हळूच लावलं.

त्या दिवशी सोमवारचा उपास होता. संध्याकाळी शंकराला बेल वाहताना बाईंचं मन लागेना. रांगेत सगळ्यात पुढं उभा असलेला माणूस सगळ्यात मागं कसा राहतो? त्यांनी ठरवलं: उद्यापासून रांग म्हणजे रांग. पहिल्याचं बसेपर्यंत मागच्या कुणाचंच बसवायचं नाही.

हा नियम दुपारपर्यंत टिकला.

सकाळी एकेक काम संपत गेलं, एकेक डोकं मोकळं होत गेलं, आणि बाई कुणालाच बसवेनात. सात डोकी रिकामी. आठव्यावर एक लांबलचक काम चालू. बाहेर व्हरांड्यात माणसं साचली. कमलबाई तर भिंतीला टेकून जमिनीवरच बसल्या, "मी इथंच मरते," असं जाहीर करून. बारा वाजले, एक वाजला. ज्ञानोबा खिडकीशी उभा राहून यंत्रावरच्या आठ दिव्यांतल्या, दर डोक्याला एक, त्या एकट्या जळणाऱ्या आठव्या दिव्याकडे असा बघत होता की दिव्यालाच लाज वाटावी.

दोनला बसवंतप्पा सर आले. मराठी बोलायचे ते, पण चिडले की कानडी वळणावर जायचे. "एन्री, काय हो बाई! सात डोकी माशा मारायलीत? सरकारनं एवढं यंत्र ह्याच्यासाठी दिलंय?"

"सर, रांगेत पहिला ज्ञानोबा हाय. त्याला आठ लागत्यात. आठवं मोकळं झालं की..."

"मग आठव्यावाल्याला उठवा की!"

"आठवं तुमचंच चालू हाय, सर."

व्हरांड्यात कुणीतरी खोकलं. सरांनी व्हरांड्याकडे पाठ केली. "ते वेगळं," म्हणाले. "ते संशोधन आहे. तुमचा हा नियम बंद. पहिल्यासारखं चालू द्या."

आणि पहिल्यासारखं चालू झालं. सात जागांवर पाच जण तुटून पडले. ज्ञानोबाची चिठ्ठी पुन्हा आतल्या अंगाला गेली.

श्रावण संपता संपता बाई चिंताकीला गेल्या. मारोतीच्या देवळात भंडारा होता आणि त्यांचा भाऊ आप्पाराव पंगतीच्या व्यवस्थेला. देवळापुढच्या मांडवात दोन पंगती समोरासमोर बसायच्या. शेजारच्या गावचं भजनी मंडळ यायचं होतं; त्यांना परतीची मोटार गाठायची म्हणून सगळ्यांना एकदमच बसवावं लागणार होतं. आणि इकडं पंगतीत हरिबातात्या. तोंडात दात नाहीत, वरणात पोळी कुस्करून निवांत चाललंय. आजूबाजूचे उठले, हात धुऊन आले, सुपारी तोंडात टाकली, तरी तात्या आपले खीर ओरपतायत.

"तात्या, आटपा की," कुणीतरी म्हणालं.

"ए!" आप्पाराव त्याच्यावर धावला. "भरल्या पानावरून उठवतोस व्हय रे माणसाला? जेवू दे त्यांना."

पण आप्पारावानं तात्यांच्या भोवतीची जागा रिकामी ठेवली नाही. त्यानं शाळेतल्या पोरांना हाक मारली. "या रे, बसा इथं. दोन पोळ्या न् खीर. भजनवाले वेशीत आले की उठायचं, कळलं का?" पोरं बसली, भराभरा खाल्लं, उठली. तोवर तात्यांचंही आटोपलं. भजनवाले आले तेव्हा सगळी पानं मोकळी होती आणि ती अख्खी मंडळी एका ओळीत बसली. एक जागा वाया गेली नाही, कुणी ताटकळलं नाही.

सत्यभामाबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. वहिनी म्हणाली, "वन्सं, पाणी कुणाला वाढायलाव, खांबाला?"

गुलबर्ग्याला परत आल्या त्या नवा नियम घेऊनच. ज्ञानोबाची वेळ आधीच ठरवून टाकायची: शनिवारी संध्याकाळी सहा. तोवर मधल्या वेळात ज्याचं काम सहाच्या आत संपणार असेल त्यालाच बसवायचं. ज्याचं लांबणार असेल त्यानं ज्ञानोबाच्या नंतर यावं. यंत्र रिकामं राहणार नाही, आणि मोठ्या कामालाही जागा मिळेल.

बसवंतप्पा सरांनी ऐकलं, दोन रेघांचा अहवाल आठवला, आणि म्हणाले, "हौद्री, हो, हे चालेल."

ज्ञानोबाला सांगताना तर बाईंचा चेहरा फुलला होता. "पंगतीसारखं बघ. तुला बारा तास लिहिलंस न्हवं? शनिवारी सहाला बस, रविवारी सकाळी सहाला ऊठ."

"बारा," ज्ञानोबा म्हणाला आणि चिठ्ठीकडे बघत राहिला. "व्हय. बारा."

एकच गोष्ट बाईंनी धरली नव्हती. लोकांना कळलं की कमी वेळ लिहिला तर लवकर आत जायला मिळतं. मग काय! ज्याचं काम चार तासांचं त्यानं दोन लिहिले. दोनाचं असेल त्यानं अर्धा. कमलबाईंनी एका चिठ्ठीवर "चिमूटभर" असं लिहिलं. त्यात लबाडी कुणालाच दिसत नव्हती. पाहुण्यानं "अर्धीच पोळी वाढा" म्हणावं आणि तीन खाव्यात, तितक्याच सहजपणे चाललं होतं ते.

शनिवारी सहा वाजले तेव्हा आठांतली तीन डोकी अजून चालूच होती.

"आता संपंल," एकजण म्हणाला.

"झालंच की," दुसरा म्हणाला.

"भामाबाई, ऐन बेरजेत हाय हो," कमलबाई म्हणाल्या.

थांबवायचं असतं तर अवघड नव्हतं. बाईंच्या पुढ्यात कळफलक होता. एक आज्ञा टाइप केली की काम बंद, डोकं मोकळं. पण अर्धवट थांबवलेलं काम म्हणजे झालेलं सगळं फुकट, पुन्हा पहिल्यापासून. बाईंचा हात उचलेना. जेवत्या माणसाला पानावरून उठवायचं? त्यांच्या घरात हे पाप मानत. साप निघाला तरी जेवणाऱ्याला न सांगता सापाकडे बघायचं, अशी रीत. त्या थांबल्या. सातला एक डोकं उठलं. आठला दुसरं. साडेआठला वीज गेली, ती रविवारभर आली नाही, आणि सगळ्यांचंच संपलं.

सोमवारी ज्ञानोबा आला. जय भीम म्हणाला नाही. स्टूल ओढून बसला.

"त्या दिवशी कामून थांबवलं न्हाई तुमी, अक्का?"

"अरे, भरल्या पानावरून कसं उठवू कुणाला? तूच सांग. आपल्या रीतीत बसतं का ते?"

"आपल्या?" ज्ञानोबानं स्टूल आणखी पुढं घेतलं. मग हळू आवाजातच बोलला. त्याचा आवाज कधी चढत नसे. "आमच्या बापाला तुमच्या तिकडच्या भंडाऱ्याला बोलवत असत. छप्पन सालाआधीची गोष्ट. त्याला कुणी हाकललं न्हाई कधी. फकस्त 'थांब' म्हणत. 'थांब रामा, अजून आत पंगत बसलीया.' एक उठली की दुसरी. भरल्या पानावरून कुणाला उठवीत नसत, खरंय. मग दिवस कलला की देवळाच्या मागं, उरलं असंल तर. बाबासाहेबांनी वाट दावल्यावर बाप जायाचाच बंद झाला. म्हणाला, मला वाढू नका, पण 'थांब' म्हणू नका."

बाईंच्या हातातली चिठ्ठी हातातच राहिली.

"ज्याच्या म्होरं पान हाय त्याची तुमाला दया येती, अक्का. ज्याला पानच मांडलं न्हाई, त्याचं काय?"

"मी तसं..." बाई म्हणाल्या. आठ महिने त्याही गोड आवाजात तेच म्हणत आल्या होत्या. कुणी हाकलत नव्हतं.

"मुदतीआधीचा येता शनिवार शेवटचा हाय," ज्ञानोबा म्हणाला. "मग तुमची अष्टभुजा मला नको न् मी तिला नको."

त्या दुपारी बाईंनी दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावला. मराठीत, कानडीत आणि खाली मडिवाळप्पाच्या आग्रहावरून उर्दूतही, कारण भूगोलाच्या कारकुनाला तेवढंच वाचता येई. चिठ्ठीवर जी वेळ लिहाल ती तुमची. ती संपली की काम जिथं असेल तिथं थांबवलं जाईल. त्यानंतरची वेळ पुढच्या माणसाची.

सगळ्यांना नियम पसंत पडला. प्रत्येकाला वाटलं, हा दुसऱ्यांसाठी आहे.

शनिवारी दुपारी चारला बसवंतप्पा सर स्वतः चिठ्ठी घेऊन आले. दोन डोकी, दोन तास. त्यांचा निबंध हैदराबादच्या परिषदेत वाचायचा होता.

"सर, दोन तासांतच होईल ना?"

"हौद्री. म्हणजे साधारण."

"साधारण चालायचं न्हाई, सर. सहाला ज्ञानोबा हाय."

"माहीत आहे की! नियमाला मीच हो म्हटलंय."

पाच वाजले. साडेपाच. इतर कामं एकेक करून संपली. लोकांनी या खेपेला खरंच सांभाळून लिहिलं होतं. सहा डोकी मोकळी झाली. सरांची दोन चालूच. सहाला पाच कमी असताना सर खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसले.

"जरा आहे हो आता."

"किती, सर?"

"जरा."

ज्ञानोबा दाराशी उभा होता. मडिवाळप्पा कोपऱ्यात फडकं घेऊन एकच जागा पुसत राहिला. घड्याळात सहा झाले.

"बाई, हात लावू नका," सर म्हणाले. "मी सांगतो म्हणून. प्रमुख मी आहे."

बाईंनी मनात देवाचं नाव घेतलं. मोठ्या आवाजात बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून नेहमीच्याच आवाजात बोलल्या. "सर, क्षमा करा. तुमची वेळ सहापर्यंत होती. आता ही वेळ ज्ञानोबाची हाय. माझ्या हातात न्हाई ती." आणि त्यांनी आज्ञा टाइप केली.

दोन दिवे विझले. सर उभे राहिले, लाल झाले, कानडीत काहीतरी बोलले. ते मडिवाळप्पाला समजलं. त्यानं फडकं तोंडावर धरलं. सर निघून गेले. मग बाईंनी ज्ञानोबाचं काम बसवलं, आणि आठही दिवे एकदम लागले.

रविवारी पहाटे सहाच्या आत बाई केंद्रात आल्या तेव्हा तिथं जत्राच होती. ज्ञानोबा रात्रभर जागाच होता. कमलबाई आल्या होत्या, कारण सहापासूनची वेळ त्यांची. सगळ्या परीक्षेचा निकाल आठ डोक्यांवर सहा तास, आणि सोमवारी दहाला तो फळ्यावर लागायचा होता. आणि बसवंतप्पा सर आले होते. हातात घड्याळ काढून धरलेलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं, कारण ज्ञानोबाचा चेहरा राखेसारखा दिसत होता.

"अक्का," तो म्हणाला, "संपलं न्हाई."

"किती राहिलंय?"

"पाच तास. जास्तच."

"अरे, बारा लिहिलेस ना तू!"

"सतरा लिहिलं असतं तर तुमी मला कधी बसवलं असतं? बारालाच आठ महिने लागले!" त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मला वाटलं, एकदा बसलो की... कोण उठवणार हाय."

"वा!" सर म्हणाले. "छान. सहा वाजले, बाई. काल माझं थांबवलंत. आता ह्याचं थांबवा. का गावचा माणूस म्हणून वेगळा कागद लावायचाय दारावर?"

बाईंनी एकदा ज्ञानोबाकडे बघितलं, एकदा सरांकडे. संतापानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हा शिकला-सवरलेला, पाण्याचा थेंब न् थेंब मोजणारा, आणि ह्यानंही इतरांसारखंच लिहावं! आणि हे दुसरे, प्रमुख म्हणवणारे! आणि आपण! असं वाटलं की पदर खोचून चिंताकीला जावं आणि हरभरा पेरावा. हरभऱ्याला चिठ्ठी लागत नाही. त्या कळफलकापुढं बसल्या. आज्ञा टाइप करून बोट शेवटच्या बटणावर ठेवलं. ज्ञानोबानं डोळे मिटून घेतले.

बोट तिथंच थांबलं. या खेपेला दयेनं नाही. त्या विचार करत होत्या, आपणच कागदावर काय लिहिलंय त्याचा.

"ज्ञानोबा," त्या म्हणाल्या, "ही वेळ माझी न्हाई. तुझी तर न्हाईच न्हाई. सहापासून ही कमलबाईंची हाय. मला विचारू नकोस. त्यांना विचार."

"हे काय!" सर म्हणाले. "मग काल माझं का बंद केलंत?"

"काल तुमच्यानंतरची वेळ ज्ञानोबाची होती, सर. तो दारातच उभा होता. तुम्ही त्याला विचारलं न्हाई. मला हुकूम केलात."

सरांनी घड्याळ मनगटावर बांधायला सुरुवात केली. पट्टा काही केल्या बकलात जाईना.

ज्ञानोबा कमलबाईंकडे वळला. याच बाईंच्या एकेका डोक्याच्या बेरजेपायी त्याचं काम महिनोन्महिने अडलं होतं. त्या आल्या की तो तोंड फिरवायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही.

"कमलबाई..."

"आता कमलबाई! एवढे दिवस मी दिसले की गोमाशी आल्यासारखं करत होतास की." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "माझ्या टेबलावर पोरांचे बाप बसत्यात, ठाऊक हाय ना?"

"व्हय."

"सोमवारी दहाला निकाल न्हाई लागला तर ते टेबलावरून माझ्या डोक्यावर बसत्याल."

"व्हय."

"नुसतं व्हय व्हय करू नकोस. किती वेळ लागंल? खरा सांग. खोटा सांगितलास तर मीच उठून बंद करते, भामाबाईला त्रास नको."

ज्ञानोबानं आकडे असलेला कागद काढला, पेन्सिलीनं काहीतरी मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. "साडेपाच तास," म्हणाला. "साडेअकरा वाजतील. त्यात वीज गेली तर माझं नशीब, तुमच्याकडं परत मागणार न्हाई."

कमलबाईंनी बोटांवर मोजलं. साडेअकरा, त्यापुढं त्यांचं स्वतःचं, त्यापुढं छपाई. सगळं संध्याकाळी आटपणार होतं; सोमवारला रात्रभराचं अंतर होतं. एवढं होतं, तरी त्या आठ महिने "ऐन बेरजेत हाय हो" म्हणून रडत आल्या होत्या. स्वतःचंच त्यांना हसू आलं असावं, पण ते त्यांनी दाखवलं नाही.

"बस," त्या म्हणाल्या. "मडिवाळप्पा, चहा सांग. चार. सरांना पण."

"पैसे, अक्कोरे?" मडिवाळप्पानं सत्यभामाबाईंना विचारलं.

"साडेपाच तास बसणारा दील," कमलबाई म्हणाल्या.

सत्यभामाबाईंनी कळफलकावरून बोट काढलं. आठ दिवे तसेच जळत राहिले. सर ज्ञानोबाच्या शेजारच्या बाकावर बसले, आणि चहा झाल्यावर, दुसरीकडेच बघत, त्यांनी विचारलं, "पाण्याचं हे गणित... दर घडीला सगळ्या आठांना एकमेकांशी बोलावं लागतं का?"

"लागतं, सर."

"हां," सर म्हणाले. एवढंच.

साडेअकराला काही मिनिटं असताना काम संपलं. छपाईचं यंत्र करकरत सुरू झालं, कागदाची घडी जमिनीवर लोळत गेली, गावांची नावं आणि त्यांच्यापुढं आकडे, ठाणाकुशनूर, चिंताकी, औराद. ज्ञानोबा गुडघ्यांवर बसून ते गोळा करत होता आणि वाचत नव्हता. वाचायला त्याचे डोळे स्थिर नव्हते. बाई त्याला म्हणाल्या, "ऊठ आता. जा. टंकलेखकाकडं जा आधी."

तो उठायच्या आत कमलबाई पुढं सरकल्या. सकाळची चिठ्ठी त्यांनी बाईंपुढं ठेवली आणि बाईंच्याच पेन्सिलीनं त्यावरचा सहा तासांचा आकडा खोडला.

"भामाबाई," त्या म्हणाल्या, "मी सहा लिहिलेत, पण आठ धरा."